एसेन पाहावे ते कोळशाच्या वाटेने : रुहर खोऱ्यात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा नातेवाइकांकडे म्हणून जर्मनीच्या पश्चिमेकडील रुहर खोऱ्यात येणाऱ्या माणसाची एसेन शहर पहिल्या दिवशी बहुधा निराशा करते. मुख्य स्थानकाबाहेर पडल्यावर समोर दिसतात त्या दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावानंतर उभारलेल्या साध्यासुध्या इमारती, दुकानांचा लांबलचक रस्ता आणि ‘खरेदीचे शहर’ अशी स्वतःची ओळख करून देणारी छपरावरची पाटी. जुने चौक आणि लाकडी चौकटींची घरे असलेली जर्मन गावे आधी पाहिलेली असतील, तर येथे पाहण्यासारखे काय आहे असा प्रश्न पडतो, आणि पुष्कळ जण दुसऱ्याच दिवशी कोलोनचे कॅथीड्रल गाठतात.

एसेनमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते एका चौकात एकवटलेले नाही. कोळसा ज्या वाटेने गेला त्या वाटेवर ते विखुरलेले आहे. खाण, कोळसा धुण्याची इमारत, कोकच्या (भाजलेल्या कोळशाच्या) भट्ट्या, लोखंडाची झोतभट्टी, वायूची टाकी, कारखानदाराचा वाडा, कामगारांची वसाहत, खडकाच्या टेकड्या आणि सांडपाण्याची नदी या क्रमाने फिरल्यास प्रत्येक ठिकाण पुढच्या ठिकाणाचे कारण सांगत जाते. पत्रकातील ‘दहा प्रेक्षणीय स्थळे’ मनाला येतील तशी पाहिली, तर तिसऱ्या ठिकाणापर्यंत सगळे गंजलेले लोखंड सारखेच दिसू लागते. म्हणून या लेखात कोळशाचाच क्रम पाळला आहे. त्यात शेजारची शहरेही येतात, कारण रुहर प्रदेश म्हणजे सुमारे पन्नास लाख वस्तीची, एकमेकांना चिकटलेली ५३ शहरे आणि गावे असून एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे रस्त्यावरच्या पाटीखेरीज कळत नाही.

निघण्यापूर्वी

पहिले काम तिकिटाचे. जर्मनीत राहायलाच आला असाल, तर ‘डॉइचलांडटिकेट’ हे मासिक तिकीट सर्वांत सोयीचे ठरते. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झाले, त्यानंतर त्याची किंमत वाढत गेली आहे. तरीही महिन्यातून चार-पाच वेळा शहराबाहेर पडणाऱ्याला ते परवडते. एस-बान म्हणजे उपनगरी गाड्या, प्रादेशिक गाड्या, ट्राम, भुयारी रेल्वे आणि बस या सर्वांत ते चालते, मात्र आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, आणि त्या गाड्या त्याच फलाटांवर येत असल्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते आणि बंद करायचे असल्यास त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत तसे कळवावे लागते. विद्यार्थ्यांनी वेगळे तिकीट काढण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाच्या सत्रशुल्कात प्रवासाचे तिकीट आधीच समाविष्ट आहे का, हे तपासावे. सुटे कागदी तिकीट घेणाऱ्यांनी ते फलाटावरच्या किंवा ट्राममधल्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, कारण शिक्का आवश्यक असलेले तिकीट कोरेच राहिले तर ते नसल्यासारखेच मानले जाते आणि विनातिकीट प्रवासाचा ठरलेला दंड ६० युरो आहे.

दुसरी गोष्ट वाराची. सोमवारी जर्मनीतील बहुतेक संग्रहालये बंद असतात, आणि बोखुमचे खाण संग्रहालय व एसेनचे फोल्कवांग कलासंग्रहालय त्याला अपवाद नाहीत. त्सोलफेराइन खाणीतील रुहर संग्रहालय मात्र सोमवारीही उघडे असते. तेव्हा सोमवारच मोकळा असेल तर तो तेथे घालवावा. रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे पाणी आणि खाण्याचे पदार्थ शनिवारीच घेऊन ठेवावेत.

तिसरी गोष्ट बुटांची. या प्रवासात चढण्याचे जिने बहुतेक ठिकाणी लोखंडी जाळीचे आहेत. पायाखालून थेट तीस-चाळीस मीटर खालची जमीन दिसते, टाचा जाळीत अडकतात आणि पाऊस पडला की पायऱ्या निसरड्या होतात. उंचीचे भय असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

पहिली पायरी : त्सोलफेराइन खाण

मुख्य स्थानकाखालच्या भुयारी फलाटावरून १०७ क्रमांकाची ट्राम गेल्झेनकिर्शेनच्या दिशेने पकडावी आणि ‘त्सोलफेराइन’ याच नावाच्या थांब्यावर उतरावे. ही ट्राम शहराच्या उत्तर भागातून जाते. ए-४० महामार्गाच्या दक्षिणेला सुखवस्तू एसेन आणि उत्तरेला कामगारांचे एसेन अशी विभागणी आजही टिकून आहे, आणि ती समजून घ्यायला खिडकीजवळची जागा पुरेशी आहे.

१८४७ मध्ये उद्योगपती फ्रान्झ हानिएल यांनी येथे पहिली शाफ्ट, म्हणजे जमिनीत सरळ खाली जाणारी विहीर, खोदायला घेतली आणि जर्मन राज्यांनी १८३४ मध्ये स्थापन केलेल्या जकात संघाचे नाव खाणीला दिले. आज जिचे छायाचित्र सगळीकडे दिसते, ती बारा क्रमांकाची शाफ्ट बरीच नंतरची आहे. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी आखलेला हा भाग १९३२ मध्ये सुरू झाला. इतर शाफ्टमधून निघणारा कोळसा जमिनीखालूनच इकडे आणून एकाच ठिकाणी वर काढायचा, अशी त्यामागची योजना होती, आणि दिवसाला १२,००० टन माल वर आणण्याची त्याची क्षमता त्या काळातील सामान्य खाणीच्या कितीतरी पट होती. ५५ मीटर उंचीच्या मनोऱ्यासमोरच्या प्रांगणात उभे राहिल्यावर इमारतींची मांडणी राजवाड्यासारखी समोरासमोर आणि सममित आहे, हे लक्षात येते. लोखंडी चौकटी, त्यांत लाल विटा आणि काच, याखेरीज कोठेही सजावट नाही. मालकांना गुंतवणूकदारांवर आणि पाहुण्यांवर छाप पाडायची होती, आणि ती अजूनही पडते.

२३ डिसेंबर १९८६ रोजी ही खाण बंद झाली. एसेनमधील ती शेवटची खाण होती. यंत्रे भंगारात काढून जागा मोकळी करण्याऐवजी राज्य सरकारने ती विकत घेऊन वारसा म्हणून जपली, आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत स्थान दिले.

परिसरात फिरायला शुल्क नाही. पण केवळ फिरून परत येणे म्हणजे बाहेरून भिंती पाहून येणे होय. यंत्रे जशीच्या तशी असलेल्या भागांत मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. या फेऱ्यांचे आरक्षण काही दिवस आधी ऑनलाइन करावे. जर्मन भाषेतील फेऱ्या पुष्कळ असतात, इंग्रजीतील मोजक्या. म्हणून आधी इंग्रजी फेरीची तारीख पाहावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा. मार्गदर्शकांमध्ये काही जण पूर्वी स्वतः खाणीत काम केलेले असतात. असा मार्गदर्शक मिळाला आणि त्याची बोली निम्मीच कळली, तरी फेरी सोडू नये.

फेरीत सर्वांत अधिक वेळ द्यावा तो कोळसा धुण्याच्या इमारतीला. जमिनीखालून वर येणारा माल निव्वळ कोळसा नसे. त्यात दगड मिसळलेला असे. तो माल पट्ट्यांवरून इमारतीच्या वरच्या मजल्यांवर नेऊन पाण्याच्या मोठ्या टाक्यांत सोडला जाई. हवेच्या दाबाने ते पाणी सतत वरखाली हलवले जाई, त्यामुळे हलका कोळसा वरच्या थरात राही आणि जड दगड तळाशी बसे. मग दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी खाली उतरत. कोळसा आकारानुसार निवडला जाऊन रेल्वेच्या वाघिणींत पडे आणि दगड परिसराबाहेरच्या ढिगावर जाई. हा दगड लक्षात ठेवावा; पुढे त्याच्याच टेकड्यांवर चढायचे आहे. यंत्रांचा आवाज इतका प्रचंड असे की येथील कामगारांना बोलून काम करणे शक्यच नव्हते. आज त्या जागी शांतता आहे, आणि फेरीत ध्वनिमुद्रण ऐकवले जाते तेव्हाच तिच्यामागचा गोंगाट कळतो.

याच इमारतीत २०१० पासून रुहर संग्रहालय आहे. बाहेरून एक लांब सरकता जिना थेट २४ मीटर उंचीवरच्या मजल्यावर नेतो आणि तेथून नारिंगी प्रकाशाने उजळलेल्या जिन्याने एकेक मजला खाली उतरत संग्रहालय पाहायचे असते. वरच्या मजल्यावर आजचा रुहर, मधल्या मजल्यावर उद्योगपूर्व काळाच्या स्मृती आणि सर्वांत खाली उद्योगाचा इतिहास, असा क्रम आहे. कोळसाही याच इमारतीत वरून खाली असाच उतरत असे, ही जुळणी नेमकी साधली आहे. वेळ कमी असेल तर मधला मजला भराभर पाहून खालच्या मजल्यावर दोन तास द्यावेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिश भाषक कामगार, १९५० च्या दशकापासून इटालियन आणि १९६१ च्या कामगारभरती करारानंतर तुर्की कामगार येथे कसे आले आणि या प्रदेशाचे कसे झाले, हे तेथे समजते. आज येथे नव्याने येणाऱ्याला तो भाग परका वाटत नाही.

खाणीच्या जुन्या भागात, म्हणजे शाफ्ट एक, दोन आणि आठच्या बाजूला, कामगारांचे स्नानगृह होते. या व्यवस्थेची एक खुबी आहे. खाणीत शेकडो माणसे एकाच वेळी कपडे बदलत. त्यांना कपाटे द्यायची तर जागा पुरणार नाही आणि ओले कपडे वाळणारही नाहीत. म्हणून प्रत्येकाला एक साखळी आणि तिच्या टोकाला आकड्यांची एक टोपली दिलेली असे. घरचे कपडे आकड्यांना अडकवायचे, साखळी ओढून टोपली छतापर्यंत चढवायची आणि साखळीला कुलूप लावायचे. छताजवळच्या उबदार हवेत कपडे कोरडे राहत आणि खाली माणसांना वावरायला जागा मिळे. काळ्या कपड्यांचा भाग वेगळा, स्वच्छ कपड्यांचा वेगळा, आणि दोहोंच्या मध्ये नहाणीघर. त्सोलफेराइनच्या या इमारतीत आज समकालीन नृत्याचे केंद्र आहे.

परिसराच्या दुसऱ्या टोकाला कोकच्या भट्ट्या आहेत. पाय थकले असले तरी तेथपर्यंत जावेच. कच्चा कोळसा झोतभट्टीत चालत नाही. तो वरच्या वजनाने चुरडतो आणि त्यातील गंधक व वायू लोखंड बिघडवतात. म्हणून तो हवा लागू न देता हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजून त्याचा कोक करावा लागतो. अशा ३०४ भट्ट्या येथे एका रांगेत उभ्या आहेत. त्या प्रत्येकीची रुंदी माणसाने आत आडवे उभे राहण्याइतकीही नाही, आणि रांग मात्र एका नजरेत मावत नाही. हे काम १९९३ मध्ये थांबले. काही हिवाळ्यांत या भट्ट्यांसमोरच्या पाण्याच्या पट्ट्यात बर्फावर स्केटिंगची सोय करतात, आणि उन्हाळी सुटीत जवळच जहाजी कंटेनर जोडून केलेला एक छोटा पोहण्याचा तलाव उघडतो. मुले बरोबर असतील तर पोहण्याचे कपडे बरोबर घ्यावेत.

नॉर्मन फॉस्टर यांनी बदलून घेतलेल्या बाष्पकगृहात ‘रेड डॉट’ हे औद्योगिक रचनेचे संग्रहालय आहे. इमारत फार सुंदर आहे, आतल्या वस्तू मात्र बऱ्याचशा दुकानात दिसतील अशाच. तेव्हा एकाच दिवसात सारे बसवायचे असेल तर वगळायला सर्वांत सोपे ठिकाण हेच.

दुसरी पायरी : जमिनीखाली

त्सोलफेराइनला गेलेल्या बहुतेकांचा एक गैरसमज असतो. येथे जमिनीखाली जाता येत नाही. सारी फेरी जमिनीच्या वरच होते. भुयाराचा अनुभव घ्यायचा असेल तर बोखुमच्या जर्मन खाण संग्रहालयात जावे. एसेनहून बोखुमला प्रादेशिक गाडीने दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि तेथून यू-३५ ही भुयारी रेल्वे संग्रहालयाच्या थांब्यावर सोडते. संग्रहालयाच्या माथ्यावरचा ७१ मीटर उंचीचा हिरवा मनोरा डॉर्टमुंडच्या एका बंद खाणीतून आणून येथे बसवलेला आहे.

खालची भुयारे जमिनीपासून सुमारे २० मीटर खोलीवर आहेत. येथून कधीही कोळसा काढला गेलेला नाही. ही दाखवण्यासाठीच खोदलेली खाण आहे. ते कळल्यावर काहींचा विरस होतो, पण तसे होऊ देऊ नये, कारण यंत्रे खरी आहेत आणि त्यांची मांडणी काळाच्या ओघाने केलेली असल्यामुळे टिकावापासून कोळशाचा थर सोलत जाणाऱ्या यंत्रापर्यंतचा प्रवास तासाभरात डोळ्यांसमोरून जातो. वर कितीही ऊन असले तरी खाली गारवा असतो, म्हणून जाकीट घ्यावे.

खराच कोळशाचा थर पाहायचा असेल, तर विटेन गावाजवळच्या नाख्टिगाल खाणीत जावे. रुहर नदीकाठच्या डोंगरात कोळसा जमिनीलगत होता आणि खाणकामाची सुरुवात तेथूनच झाली. हेल्मेट घालून, वाकून, अरुंद बोगद्यातून मार्गदर्शकाबरोबर जावे लागते. गुडघ्यांचा किंवा कोंडलेल्या जागेचा त्रास असणाऱ्यांनी बोखुमवर समाधान मानावे.

तिसरी पायरी : झोतभट्टी

कोक पुढे गेला तो लोखंडाच्या कारखान्यात. ड्यूसबुर्ग शहराच्या उत्तरेला थिसेन समूहाचा असा एक कारखाना होता. तो १९८५ मध्ये बंद पडला आणि पीटर लाट्झ या उद्यानरचनाकाराच्या आराखड्यानुसार १९९४ मध्ये सार्वजनिक उद्यान म्हणून उघडला. ड्यूसबुर्ग मुख्य स्थानकावरून ९०३ क्रमांकाची ट्राम ‘लांडशाफ्ट्सपार्क नोर्ड’ थांब्याला नेते. प्रवेश विनामूल्य आहे आणि फाटक रात्रंदिवस उघडे असते.

एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल तर त्सोलफेराइन निवडावे की हे, याबद्दल मतभेद आहेत. माझे मत सांगायचे तर, मुले आणि तरुण मंडळी बरोबर असतील तर ड्यूसबुर्ग. त्सोलफेराइनमध्ये काचेआडून आणि मार्गदर्शकाच्या मागून पाहावे लागते. येथे पाच क्रमांकाच्या झोतभट्टीवर स्वतःच्या पायांनी सुमारे ७० मीटर चढता येते. वाटेत कोक आणि लोहखनिज वर नेणारा तिरका मार्ग, तप्त हवा सोडणारे जाडजूड नळ आणि खाली वितळलेले लोखंड वाहून नेणाऱ्या सरी, सारे हाताच्या अंतरावर येते. तळाशी लोखंडाच्या रसाने झिजलेल्या ४९ जाड ओतीव पत्र्यांचा एक चौक केलेला आहे. हे पत्रे कारखान्यातूनच काढलेले असून त्यांच्यावरचे ओघळ आणि खड्डे तसेच ठेवले आहेत.

या उद्यानाची खुबी अशी की कारखान्याचा प्रत्येक भाग कोणत्या तरी नव्या उपयोगाला लावलेला आहे. खनिजाच्या कोठारांच्या उंच काँक्रीट भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो, काही कोठारांत बागा आहेत आणि वायूच्या जुन्या टाकीत पाणी भरून पाणबुड्यांचे प्रशिक्षण केंद्र केले आहे. दुपारी उशिरा पोहोचावे, उजेड असताना भट्टीवर चढून यावे आणि अंधार पडेपर्यंत थांबावे. वीकएंडच्या संध्याकाळी धुराड्यांवर आणि नळांवर निळे, हिरवे, लाल दिवे लागतात. उन्हाळ्यात अंधार दहाच्या सुमारास पडतो, त्यामुळे दिव्यांसाठीच जायचे असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

चौथी पायरी : वायूची टाकी

लोखंड करताना निघणारा वायू वाया न घालवता साठवण्यासाठी १९२९ मध्ये ओबरहाउजेनला उभारलेली टाकी म्हणजे आजचे प्रदर्शनगृह गॅसोमीटर. उंची ११७ मीटर, व्यास सुमारे ६८ मीटर. आत एक जड चकती होती. वायू भरला की ती वर जाई, वापरला की खाली येई. कलावंत क्रिस्तो यांनी १९९९ मध्ये येथे १३,००० पिंपांची भिंत रचली होती. मात्र येथे कायमचे असे काही नसते; एक प्रदर्शन संपून दुसरे लागेपर्यंत इमारत बंद राहते. संकेतस्थळावर तारीख पाहिल्याखेरीज निघू नये. छपरावर स्वच्छ दिवशीच जावे, कारण साऱ्या वाटेचा नकाशा तेथून खाली पसरलेला दिसतो.

पाचवी पायरी : वाडा आणि वसाहती

आता पैसा कोठे गेला ते पाहायचे. एसेनहून एस-६ गाडीने ‘एसेन-ह्यूगेल’ स्थानकावर उतरले की टेकडीवर व्हिला ह्यूगेल आहे. १८११ मध्ये स्थापन झालेल्या क्रुप कंपनीला आल्फ्रेड क्रुप यांनी पोलाद, रेल्वेची सांधेविरहित चाकधाव आणि तोफा यांच्या बळावर युरोपातील बलाढ्य उद्योग बनवले, आणि १८७३ मध्ये २६९ खोल्यांचे हे घर पूर्ण केले. वाड्याचा थाट पाहून दडपण येते, पण आपुलकी वाटत नाही; सम्राटांना आणि गिऱ्हाइकांना उतरवण्यासाठी तो बांधलेला होता. वाड्याबरोबरच कंपनीच्या इतिहासाचे दालनही पाहावे. दुसऱ्या महायुद्धात क्रुपच्या कारखान्यांत हजारो लोकांकडून सक्तीने काम करून घेतले गेले आणि १९४८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खटल्यात कंपनीचे तेव्हाचे मालक आल्फ्रीड क्रुप (आल्फ्रेड यांचे पणतू) यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. १९५१ मध्येच त्यांची सुटका झाली. हे ठाऊक नसताना बागेतून फिरणे आणि ठाऊक असताना फिरणे यांत फरक आहे. जाण्यापूर्वी वाडा त्या दिवशी उघडा आहे की केवळ बाग, याची खात्री करून घ्यावी.

दुसऱ्या अर्ध्या दिवशी यू-१७ ने मार्गारेटेनह्योहे वसाहतीत जावे. मार्गारेटे क्रुप यांनी १९०६ मध्ये दिलेल्या देणगीतून गेओर्ग मेत्सेनडोर्फ यांनी ही उद्याननगरी उभारली. वळणदार रस्ते, वेलींनी झाकलेल्या भिंती, छोटा बाजारचौक. एसेन कुरूप आहे अशी तक्रार करणाऱ्यांना येथे आणावे. येथे लोक राहतात, त्यामुळे खिडक्यांत डोकावून छायाचित्रे घेऊ नयेत. साधी कामगारवस्ती पाहायची असेल तर ओबरहाउजेनची आयझेनहाइम ही १८४६ मध्ये सुरू झालेली, या प्रदेशातील सर्वांत जुनी वसाहत पाहावी. १९७० च्या दशकात ती पाडायची ठरली असताना रहिवाशांनीच चळवळ करून ती वाचवली.

सहावी पायरी : टेकड्या आणि नदी

रुहरच्या उत्तर भागात दिसणाऱ्या टेकड्या निसर्गाच्या नाहीत. कोळशातून वेगळा केलेला तो दगड दीडशे वर्षे साठत गेला, त्याच्या या टेकड्या. एसेनमधील शुरेनबाख टेकडीच्या उघड्या काळ्या माथ्यावर शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी १९९८ मध्ये उभी केलेली ६७ टन वजनाची पोलादी पाटी आहे. साडेचौदा मीटर उंच, थोडीशी कललेली, एवढेच ते शिल्प. माथ्यावर झाड नाही, बाक नाही, सतत वारा असतो. काहींना तेथे पाच मिनिटेही थांबवत नाही. बोट्रोपच्या टेकडीवरचा १९९५ मधील लोखंडी त्रिकोणी मनोरा, ‘टेट्राएडर’, अधिक लोकप्रिय आहे. त्याचे जिने वाऱ्याने किंचित हलतात, म्हणून वादळी हवेत तो बंद ठेवतात.

टेकडीवरून खाली दिसणारी सरळ, बांध घातलेली नदी म्हणजे एम्शर. खाणकामामुळे या प्रदेशातील जमीन खचत होती, काही ठिकाणी वीस मीटरहूनही अधिक. जमिनीत गाडलेल्या सांडपाण्याच्या वाहिन्या अशा जमिनीत फुटल्या असत्या, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीलाच काँक्रीटच्या उघड्या गटाराचे रूप देण्यात आले. खाणी उत्तरेकडे सरकल्यावर जमीन स्थिरावली, तेव्हा १९९२ पासून ५१ किलोमीटर लांबीची भुयारी वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचे काम सुरू झाले. सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्चून २०२१ च्या अखेरीस नदीतील सांडपाणी थांबले. आता तिच्या काठाने सायकलचा मार्ग आहे. या साऱ्या प्रवासातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे दृश्य हेच, आणि त्याला तिकीट लागत नाही. खचलेली जमीन पाण्याखाली जाऊ नये म्हणून पंप मात्र कायमचे चालवावे लागतात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये रुहरमधील शेवटची कोळसा खाण बोट्रोपला बंद झाली, तरी हा खर्च संपलेला नाही.

टेकड्या आणि नदी सायकलवरून पाहाव्यात. जुन्या मालगाड्यांचे रूळ काढून केलेले सायकलमार्ग जवळजवळ सपाट आहेत आणि त्यांतले काही त्सोलफेराइनपासूनच सुरू होतात.

कोळशाखेरीज

पावसाळी दिवसासाठी फोल्कवांग संग्रहालय राखून ठेवावे. कलासंग्राहक कार्ल एर्न्स्ट ओस्टहाउस यांचा संग्रह १९२२ मध्ये एसेनला आला. १९३७ मध्ये नाझींनी त्यातील सुमारे १,४०० कलाकृती ‘अधःपतित’ ठरवून जप्त केल्या, आणि उरलेले व नंतर पुन्हा मिळवलेले चित्रसंचित आजही अव्वल आहे. डेव्हिड चिपरफील्ड यांची नवी इमारत क्रुप प्रतिष्ठानाच्या पैशातून २०१० मध्ये उभी राहिली. कायम संग्रह २०१५ पासून विनामूल्य आहे. खरेदीच्या रस्त्यालगतच्या जुन्या चर्चमध्ये इ. स. ९८० च्या सुमाराची सोन्याच्या पत्र्याने मढवलेली मेरीची मूर्ती आहे. हे शहर कोळशाच्या कितीतरी आधीचे आहे, याची ती साक्ष देते. जवळच १९१३ मधील जुने सिनगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, आहे. बाल्डेनाय सरोवर उन्हाळी संध्याकाळसाठी ठीक.

वाटेत कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या छोट्या टपऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये. नळाचे पाणी पिण्याजोगे नव्हते आणि कामगार दारूकडे वळत, त्या काळात बाटलीबंद पाणी विकण्यासाठी त्या सुरू झाल्या. रविवारी बाकी सर्व बंद असताना पाणी, बिस्किटे आणि रस्ता विचारण्याची सोय तेथेच होते.

दिवसांची आखणी

एकच दिवस असेल तर सकाळी त्सोलफेराइन, संध्याकाळी ड्यूसबुर्ग. मध्ये दुसरे काही घालू नये. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी बोखुम आणि दुपारी मार्गारेटेनह्योहे. तिसरा दिवस सायकलचा. व्हिला ह्यूगेल आणि फोल्कवांग ही ठिकाणे या भागात राहणाऱ्यांनी सुट्या अर्ध्या दिवसांत पाहावीत.

पहिल्या भेटीची तारीख तुमच्या हाती असेल, तर ती जूनच्या अखेरीस ठेवावी. त्या सुमारास ‘एक्स्ट्राशिख्ट’ नावाची रात्र साजरी होते. या प्रदेशातील जुने कारखाने आणि खाणी तेव्हा रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात, आणि त्यांना जोडणाऱ्या खास बस त्या रात्रीच्या तिकिटातच येतात. तिकीट आगाऊ घ्यावे, तीनपेक्षा अधिक ठिकाणे ठरवू नयेत, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावी, कारण गर्दीत बसला उशीर होतो आणि मध्यरात्रीनंतर प्रादेशिक गाड्या विरळ असतात.